शंभर वर्षांची अट आणि माळ्यावरचा डबा

१/२४
नागपूरहून वर्ध्याकडे जाताना सेलू तालुक्यात केळझर लागते. तेथील टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भातील अष्टविनायकांत गणला जातो. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला मारले ते याच परिसरात, अशी लोकश्रद्धा आहे. गावाची स्मृती अशी पुराणकाळापर्यंत सहज पोहोचते. मात्र १९९० च्या दशकात अशाच गावांतील घरांत टीव्हीला जोडला जाणारा ‘व्हिडिओ गेम’ कोठून आला, तो कोणी दुरुस्त केला आणि शेवटी कोठे गेला, हे विचारले की स्मृती अडखळते. हा थ्रेड त्या अडखळण्याविषयी आहे.

२/२४
भारतातील ‘पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२’ नुसार एखादी वस्तू पुरावशेष ठरण्यासाठी किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. हस्तलिखितांसाठी ही अट ७५ वर्षांची आहे. या हिशेबाने १९९० साली विकत घेतलेला टीव्ही गेम २०९० साली इतिहासजमा होईल. दगडी मूर्ती शंभर वर्षे थांबू शकते. कपॅसिटर थांबत नाही, रबर थांबत नाही, कॅसेटची फीत थांबत नाही. भंगारवाला तर मुळीच थांबत नाही.

३/२४
या थ्रेडचे प्रतिपादन सरळ आहे. महाराष्ट्रातील घरगुती संगणक आणि गेमयंत्रे हा येथील तंत्रसंस्कृतीचा अस्सल पुरावा आहे; त्यांतील बहुतेक ‘नकली’ होती म्हणून तो कमी अस्सल ठरत नाही. ती यंत्रे उघडणे, त्यांत बदल करणे आणि त्यांवर पुन्हा खेळणे ही नासधूस नसून जीर्णोद्धार आहे. मात्र जीर्णोद्धाराला शिस्त असते. ती शिस्त नसेल तर पुराव्याचे नुकसान कसे होते, हेही महाराष्ट्राने पुष्कळ मंदिरांत पाहिले आहे.

४/२४
आरंभ शाळेपासून करावा लागतो. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशभरातील २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश घरगुती संगणक देण्यात आले. एकॉर्न कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेले हे यंत्र साध्या टीव्हीवरही चालत असे. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवाना घेऊन त्याची भारतीय आवृत्ती काढली. संगणक म्हणजे बंद, वातानुकूलित खोलीतील अवाढव्य कपाट, ही समजूत मोडण्याची ही सुरुवात होती.

५/२४
त्याच सुमारास पुण्यातही काही घडत होते. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ २३ एप्रिल १९८२ रोजी आला होता. १६ किलोबाइटचे यंत्र १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचे १७५ पौंडांना. स्वस्त संगणकावर ब्रिटनमध्ये खेळ लिहिणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. १९८६ साली पुण्याच्या ‘डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स’ने या मालिकेतील स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने आणली. काही हजार यंत्रे विकली गेली आणि दशक संपता संपता ही बाजारपेठ विझली. पुण्याच्या औद्योगिक इतिहासात मोटारी आणि इंजिने यांना मानाचे पान मिळते. या संगणकाला मात्र तळटीपही क्वचितच मिळते.

६/२४
स्पेक्ट्रमवर खेळणे आणि त्यात बदल करणे या दोन वेगळ्या कृती नव्हत्याच. खेळ साध्या ऑडिओ कॅसेटवरून चढवावा लागे. त्याला काही मिनिटे लागत आणि टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरपे असले तरी सारा खटाटोप वाया जाई. मग बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडचा स्क्रू फिरवत, कर्कश आवाज स्वच्छ होईपर्यंत कान देऊन बसावे लागे. बेसिक भाषेतील ‘पोक’ ही आज्ञा स्मृतीतील एखादी संख्या थेट बदलू देई. नेमकी जागा सापडली की खेळातील जीव संपेनासे होत. फसवणूक करू पाहणारा मुलगा नकळत यंत्राची अंतर्रचना शिकत असे.

७/२४
मात्र गावोगावी पोहोचले ते दुसरे यंत्र. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडोने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अर्थात फॅमिकॉम आणला. मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या यंत्रात कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट होती. त्याची रचना तुलनेने सोपी असल्याने तैवान, हाँगकाँग आणि चीनमधील कारखान्यांनी तिची प्रतिरूपे काढली. पुढे अनेक चिप्सचे काम एकाच चिपमध्ये सामावले आणि त्या चिपवर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकलेली अतिस्वस्त यंत्रे तयार होऊ लागली.

८/२४
या प्रतिरूपांनी जगाचा एक वेगळाच नकाशा काढला. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’, चीनमध्ये कळफलक जोडलेला आणि ‘अभ्यासाचे यंत्र’ म्हणून विकला गेलेला ‘सुबोर’, अनेक देशांत तैवानचा ‘मायक्रो जीनियस’. भारतात मीडिया, समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावे घरोघरी ऐकू येत. अमेरिका आणि जपान येथील पुस्तकांत गेमिंगचा इतिहास निन्टेंडो विरुद्ध सेगा अशा द्वंद्वयुद्धासारखा सांगितला जातो. मॉस्को, वॉर्सा आणि वर्धा येथील मुलांना त्या युद्धाचा पत्ताच नव्हता. त्यांचा इतिहास एकमेकांशी अधिक जुळतो.

९/२४
मराठी मुलांनी या यंत्रासाठी स्वतःची भाषा घडवली. कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हटले गेले, कारण घरात प्लास्टिकच्या डबीत येणारी करमणूक म्हणजे कॅसेटच. कंट्रोलर झाला ‘रिमोट’. चित्र दिसेना की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, हा तर विधीच होता. प्रत्यक्षात फुंकरीतील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या हळूहळू गंजतात. खेळ सुरू होई तो कॅसेट पुन्हा बसवल्याने. ‘गेम लावला की पिक्चर ट्यूब जाते’ ही वडीलधाऱ्यांची ठाम समजूतही याच भाषेचा भाग. सुट्टीतील दुपारी कोणाच्या वाट्याला याव्यात, यावर घरातला सर्वांत मोठा तह याच वाक्यावर अडत असे.

१०/२४
येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शाळेतील बीबीसी मायक्रोचे हृदय म्हणजे ‘६५०२’ हा प्रोसेसर. चक पेडल यांच्या चमूने मॉस टेक्नॉलॉजी कंपनीत तो घडवला आणि १९७५ साली अवघ्या २५ डॉलरना विकायला काढला. ॲपल २ मध्ये तोच होता. फॅमिकॉमच्या चिपमधला गाभाही त्याच घराण्यातला, आणि म्हणून घरातल्या ‘टीव्ही गेम’मध्येही तोच. शाळेत ज्या यंत्राला चपला बाहेर काढून नमस्कार केला जाई, त्याचाच सख्खा भाऊ घरात ‘अभ्यासाचा शत्रू’ म्हणून कपाटात कुलूपबंद होई.

११/२४
हा विरोधाभास काहींच्या नजरेस आला होता. २००८ च्या सुमारास डेरेक लोमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लेपॉवर’ हा प्रकल्प मांडला. भारतातील बाजारात बारा डॉलरच्या आसपास मिळणारा, टीव्हीला जोडायचा ८-बिट संगणक त्यांनी हाती घेतला आणि त्याच्यासाठी शैक्षणिक खेळ तयार करण्याचा घाट घातला. स्वस्त मोबाइलच्या लाटेपुढे तो विचार फार टिकला नाही. तरी त्यामागची दृष्टी महत्त्वाची होती: या डब्याकडे भंगार म्हणून न पाहता उपलब्ध असलेले साधन म्हणून पाहणे.

१२/२४
आता ‘नकली’ या आक्षेपाकडे वळू. ही यंत्रे आणि विशेषतः त्यांच्या कॅसेटी बहुतांशी मूळ निर्मात्यांची परवानगी न घेता बनल्या. ज्यांनी ते खेळ रचले त्यांना या विक्रीतून काही मिळाले नाही. हे झाकून या काळाचे गुणगान करणे अप्रामाणिक ठरेल. परंतु पुराव्याचे मूल्य आणि त्याच्या निर्मितीची नीती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खोटी नाणी आणि बनावट सनदा इतिहासकार फेकून देत नाही. त्या का बनल्या, कोणी वापरल्या, कोणाला खऱ्या वाटल्या, हे तो विचारतो.

१३/२४
‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट पाहावी. आत प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. बाकीच्या ओळी म्हणजे त्याच खेळांची फिरवलेली नावे, पुढच्या पातळीपासून सुरू होणारी रूपे किंवा जीवांची संख्या वाढवलेली रूपे. म्हणजे कोणीतरी अज्ञात तंत्रज्ञाने मूळ खेळ उघडून त्यातील आकडे बदलले होते. ‘काँट्रा’त ३० जीव मिळवून देणारी बटणांची प्रसिद्ध क्रमवारीही मुळात अशीच एक सोय होती: काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रेडियस’च्या १९८६ च्या फॅमिकॉम आवृत्तीची चाचणी घेताना स्वतःसाठी ठेवलेली. बदल हा या संस्कृतीत बाहेरून आलेला दोष नव्हता. तो तिच्या जन्मापासून तिच्यासोबत होता.

१४/२४
महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. ज्ञानेश्वरी शतकानुशतके नकलांमधूनच जगली. नकलाकारांचे पाठभेद साचले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून पूर्ण केली, तीही देशभरातील नकलांची तुलना करूनच. केळझर ज्या बकवधाच्या कथेवर आपला हक्क सांगते, ती कथाही नकलाकारांच्या हातांतूनच येथवर आली. ज्या समाजाने नकलांमधून ग्रंथ वाचवले, त्याने नकली कॅसेटला ‘पाठभेद’ मानायला हरकत नसावी.

१५/२४
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुने यंत्र उघडून त्यात नवे भाग घातले तर ते ‘मूळ’ उरते का? याचे उत्तर केळझरपासून फार दूर नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू कुटी आहे. माती, बांबू आणि कवेलूंचे ते घर मीराबेन यांनी उभारले. मातीची भिंत काचेच्या पेटीत ठेवून टिकत नाही. ती वेळोवेळी लिंपावी लागते, कवेलू फेरावे लागतात, कुजलेला बांबू बदलावा लागतो. तरीही गांधीजी याच घरात राहत होते, असे म्हणताना कोणाच्या मनात शंका येत नाही. तेथे जपली जाते ती केवळ माती नव्हे, लिंपण्याची रीतही जपली जाते.

१६/२४
वर्ध्यातच १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले. ग्रामोद्योगांची साधने तेथे आहेत, आणि त्यांत घरगुती यंत्राचा मेरुमणी म्हणजे चरखा. चरख्याचा इतिहास हा सततच्या बदलाचा इतिहास आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. येरवड्याच्या तुरुंगवासात पेटी चरखा आकाराला आला. स्वातंत्र्यानंतर अंबर चरखा आला. घरातले यंत्र उघडावे, समजून घ्यावे, सुधारावे आणि मग संग्रहालयात मानाने ठेवावे, ही परंपरा याच जिल्ह्यात रुजलेली आहे. गेमयंत्र त्या रांगेत शेवटी उभे राहायला संकोचण्याचे कारण नाही.

१७/२४
या यंत्रांचा जीर्णोद्धार प्रत्यक्षात कसा होतो? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात किंवा गळतात, ते बदलतात. स्पेक्ट्रमच्या कळफलकाखालचा पातळ पडदा ठिसूळ होऊन तडकतो. त्याची नवी प्रत आजही बनते. तापणाऱ्या जुन्या व्होल्टेज रेग्युलेटरच्या जागी कमी तापणारा बसवतात. अँटेनाच्या वाटेने जाणारा अस्पष्ट संकेत टाळण्यासाठी आतील संयुक्त व्हिडिओ संकेत थेट बाहेर काढतात. फॅमिकॉममध्ये त्यासाठी एक ट्रान्झिस्टर आणि काही रेझिस्टर एवढेच पुरते. कॅसेटऐवजी मेमरी कार्डावरून खेळ चढवण्याची जोडपट्टीही मिळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे यांतील साधे सुटे भाग अजूनही मिळतात.

१८/२४
एक सावधगिरी येथेच सांगायला हवी. यंत्र उघडणे तुलनेने सुरक्षित असले तरी जुना अडॅप्टर आणि जुना टीव्ही यांचे तसे नाही. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत प्लग काढल्यानंतरही प्राणघातक उच्च दाब साठून राहू शकतो. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. गावातील टीव्ही दुरुस्त करणारे काका हे या इतिहासाचे दुर्लक्षित तज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे जाण्याचे हे आणखी एक कारण.

१९/२४
आता शिस्तीचा मुद्दा. जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव खांबांवर चढलेला ऑइलपेंट आणि जुन्या दगडी मंडपावर ओतलेला सिमेंटचा स्लॅब महाराष्ट्रात कोणी पाहिला नाही? यंत्रांच्या जगातही त्याची रूपे आहेत. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशात पांढरेशुभ्र करतात. फोटो उत्तम येतो. पण त्या यंत्राने कोणत्या घरात, कोणत्या खिडकीशेजारी उन्हं खाल्ली त्याची खूण कायमची पुसली जाते. डब्यावर कोरलेले एखाद्या मुलाचे नाव घासून काढणे म्हणजे शिलालेख घासून काढण्यासारखेच आहे.

२०/२४
याहून सूक्ष्म उदाहरण वेगाचे आहे. जपान आणि अमेरिकेत टीव्हीचे चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा उमटे. भारतातील पाल पद्धतीत ५० वेळा. चित्राच्या ठोक्यावर चालणारे मूळ जपानी खेळ पाल पद्धतीच्या प्रतिरूप यंत्रांवर म्हणूनच सुमारे एक-षष्ठांश मंद चालत. त्या यंत्रांवर खेळणाऱ्या येथील मुलांचा मारिओ जपानी मुलांच्या मारिओपेक्षा सावकाश धावला, त्याचे संगीतही सावकाश वाजले. आज एखादा हौशी ते यंत्र ६० ठोक्यांवर आणून ‘दुरुस्त’ करतो, तेव्हा तो टोकियोचा अनुभव मिळवतो आणि सेलूचा गमावतो. त्या बदलाला दुरुस्ती म्हणणे ही इतिहासाची चूक आहे.

२१/२४
म्हणून तीन नियम पुरेसे आहेत. पहिला: बदल शक्यतो उलटवता येईल असाच करावा, डब्याला नवे भोक पाडण्यापूर्वी जुन्या भोकातून वायर जाते का, ते पाहावे. दुसरा: काढलेला प्रत्येक भाग लिफाफ्यात घालून यंत्रासोबतच ठेवावा. तिसरा: काय बदलले, कधी बदलले, का बदलले, याची चिठ्ठी डब्याच्या आत चिकटवावी आणि उघडण्यापूर्वीची छायाचित्रे जपावीत. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला उत्खननाच्या खड्ड्यात जे शिकवतात, तेच येथे लागू आहे. नोंद नसलेला बदल म्हणजे नोंद नसलेले उत्खनन.

२२/२४
‘इम्युलेटर असताना हा खटाटोप कशाला?’ हाही प्रश्न येतो. इम्युलेटर हवाच, अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार तेथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. परंतु इम्युलेटर आज्ञावली वाचवतो, प्रसंग वाचवत नाही. ‘डक हंट’ची बंदूक पिक्चर ट्यूबच्या चित्र रेखाटण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते, सपाट पडद्यावर ती आंधळी होते. दोघांनी एकाच वायरच्या टोकाशी गुडघ्याला गुडघा लावून बसणे, हेही वायरच्या लांबीने ठरवलेले असते. ते जाणून घ्यायला वायर लागते.

२३/२४
काम मोठे नाही आणि त्याला सरकारी मान्यतेची वाट पाहावी लागत नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संगणक आज्ञावलीची सुरक्षा-प्रत करण्याची मुभा देतो. परवानाधारक कॅसेटींचे जतन तेथून सुरू होऊ शकते. इतिहास विभागांनी आपल्या तालुक्यातील टीव्ही कारागीर, जुने दुकानदार आणि गेम पार्लर चालवणारे यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. गावातील वाचनालयाने एक कपाट द्यावे. जिल्हा गॅझेटियरमध्ये पिके, पर्जन्य आणि देवस्थाने असतात. कोणत्या वर्षी कोणत्या बाजारातून कोणती यंत्रे गावात आली, हे तेथे सापडत नाही. ते पान लिहायचे राहिले आहे, आणि ते लिहू शकणारी माणसे आज हयात आहेत.

२४/२४
केळझरच्या टेकडीवर कथा टिकली, कारण प्रत्येक पिढीने ती पुन्हा सांगितली आणि सांगताना थोडी आपली केली. घरातील यंत्रही तसेच टिकेल: कोणीतरी ते माळ्यावरून खाली काढील, धूळ झटकील, मागचे चार स्क्रू उघडील, सुकलेला कपॅसिटर बदलील, चिठ्ठी लिहील आणि शेजारच्या मुलाच्या हाती दुसरा ‘रिमोट’ देईल. शंभर वर्षांची अट कायद्यासाठी ठीक आहे. दिवाळीची साफसफाई मात्र दर वर्षी येते, आणि भंगारवाल्याची हाक त्याच्याही आधी. त्या दिवशी माळ्यावरचा डबा कोणत्या बाजूला ठेवला जातो, यावर या इतिहासाचे पुष्कळ काही अवलंबून आहे.